दिवा लागल्यावर किती? टाकीतल्या शेवटच्या लिटरांची मोजणी

१२ फेब्रुवारी २०२५

काम ठरले. रिझर्व्हचा दिवा लागल्यावर गाडी किती जाते, या प्रश्नाला गाडीगणिक मोजून उत्तर द्यायचे आणि ते डॅशबोर्डवर चिकटवता येईल अशा कार्डावर उतरवायचे. प्रश्नाचे तीन तुकडे केले आहेत. दिवा लागतो तेव्हा टाकीत एकूण किती लिटर असते? त्यातले गाडीचा पंप किती ओढू शकतो? आणि ओढलेल्या लिटरवर कोणत्या रस्त्याला किती किलोमीटर निघतात? लोक फक्त तिसऱ्याबद्दल वाद घालतात. खरा घोळ दुसऱ्यात आहे.

गाड्या दोन. पहिली एक लिटर इंजिनाची पेट्रोल हॅचबॅक, टाकी ३५ लिटर, पंप टाकीच्या आत. दुसरी कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्चदाबाच्या नळीतून डिझेल पुरवणारी), जुनी पण पंप-इंजेक्टर ठणठणीत. दोन्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये.

निमित्त पुराचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, वाहतूक थांबली. रस्ता बंद म्हणजे टँकर बंद, आणि टँकर बंद म्हणजे पंपावर साखळी. अशा वेळी ‘अजून चाळीस किलोमीटर जाईल की’ असे अंदाजाने बोलून चालत नाही.

१५ फेब्रुवारी

सामान जमवले: शून्य ते १० बारचा इंधनदाब गेज टी-जोडासह, मल्टिमीटर, ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारा), ३० किलोचा तराजू (५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा), हायड्रोमीटर, थर्मामीटर, झाकणाचे दोन पत्र्याचे कॅन, हाताने चालवायचा पेट्रोल उपसण्याचा पंप, सहा किलोचा पावडरचा अग्निशामक.

मोजणी वजनावर करायची, मापावर नाही. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगते. सकाळी १८ अंशांना मोजलेले पाच लिटर दुपारी ३६ अंशांना ९० मिलिलिटरने जास्त दिसते. तळातल्या पाऊण लिटराचा हिशेब लावताना एवढी चूक परवडत नाही. वजन मात्र तेवढेच राहते. सध्याच्या पेट्रोलची घनता शेडमध्ये ०.७४५ आली, म्हणजे लिटरला ७४५ ग्रॅम.

पंपावर घेतलेले पाच लिटर पाचच आहेत का, याचीही खात्री करून घेतली. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागितले तर त्यात भरून दाखवावे लागते. फरक २५ मिलिलिटरच्या आत असायला हवा. मागायला लाजू नये, कर्मचाऱ्यांना ते नवीन नसते.

१८ फेब्रुवारी

पेट्रोल गाडीची टाकी रिकामी केली. क्रम लिहून ठेवतो, कारण यातच लोक भाजतात.

पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्यायचे, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारायचा. लाइनमधला दाब उतरतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. इंजिनाकडे जाणारी लाइन रेलपाशी, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीपाशी, सोडून तिला पेट्रोलची नळी जोडायची आणि ती कॅनमध्ये सोडायची. कॅन आणि बॉडी यांच्यात एक तार जोडायची, नाहीतर वाहत्या पेट्रोलने स्थिर वीज साठते. मग बॅटरी जोडून रिलेच्या जागी फ्यूज घातलेली जंपर तार लावली की गाडीचाच पंप टाकी उपसतो. मिनिटाला लिटरच्या आसपास येते. तोंडाने नळी ओढण्याचा नाद करायचा नाही, पेट्रोल फुप्फुसात गेले की दवाखाना ठरलेला.

धार तुटून बुडबुडे आले आणि पंपाचा आवाज चिरका झाला की त्याच क्षणी तार काढायची. पंपाची मोटर पेट्रोलमध्येच बुडून चालते, त्यानेच थंड होते आणि त्यानेच तिच्या बेअरिंगला वंगण मिळते. कोरडी चालवली तर कार्बन ब्रश आणि बुश घासतात.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. म्हणून पिटवर गाडी घेतली नाही, शेडची दोन्ही दारे उघडी, वेल्डिंगवाल्या शेजाऱ्यांना तासभर थांबायला सांगितले.

नंतर मागची सीट उचलून पंपाचे झाकण उघडले. लॉकरिंग फिरवायला पितळी ड्रिफ्ट वापरायचा, लोखंडी छन्नी नको, ठिणगी पडते. रिंग उघडली की खालचे रबर सील फुगते आणि लगेच परत बसत नाही. नवीन सील हाताशी ठेवूनच उघडावे. तळात उरलेले हातपंपाने उपसून वजन केले: ६७० ग्रॅम, म्हणजे ०.९ लिटर. पंपाला कधीच न मिळणारे हे पेट्रोल. बाकीच्या सगळ्या हिशेबातून ते वजा.

२२ फेब्रुवारी

सेंडर. टाकीतला तरंगता फ्लोट, त्याची दांडी आणि दांडीच्या टोकाला रोधपट्टी. दांडी खाली आली की रोध बदलतो, काटा तो रोध वाचतो. टाकीचा आकार चौकोनी नसल्याने काट्याचा एक भाग म्हणजे ठरावीक लिटर असे कधीच नसते. वरचा अर्धा काटा सावकाश उतरतो आणि खालचा पळतो, ही सगळ्यांची तक्रार त्यातूनच येते.

कोरड्या टाकीत अर्धा-अर्धा लिटर वजन करून ओतत गेलो. प्रत्येक वेळी गाडी सपाट, इग्निशन बंद करून पुन्हा चालू, दोन मिनिटे थांबून वाचन. थांबायलाच हवे. हिंदकळण्याने काटा नाचू नये म्हणून मीटर काही वेळची सरासरी घेऊन हळू हलतो. इग्निशन चालू ठेवून पेट्रोल भरले की काटा लगेच वर येत नाही, तेही याच कारणाने.

निकाल: टाकी उतरत असताना दिवा एकूण ६.१ लिटरला लागतो. भरताना मात्र ७.४ लिटरच्या पुढे गेल्यावरच विझतो. दिवा लुकलुकत राहू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली ही तफावत. म्हणून रिझर्व्हला लागलेल्या गाडीत शंभराचे पेट्रोल टाकले, जे सध्याच्या भावात लिटरपेक्षाही कमी भरते, तरी दिवा जात नाही आणि गिऱ्हाईक पंपवाल्याशी भांडते.

६.१ मधून ०.९ गेले. दिव्याखाली वापरता येणारे ५.२ लिटर.

पुढची चाके रॅम्पवर चढवून पाहिले तर तोच दिवा जवळजवळ लिटरभर आधी लागला. फ्लोट टाकीच्या पुढच्या बाजूला आहे, चढावर त्याच्याखालून पेट्रोल सरकते. या गाडीत म्हणून दिवा पहिल्यांदा घाटात लागतो आणि खाली सपाटीला आल्यावर विझतो. बिघाड नाही. फ्लोट मागे असलेल्या गाडीत नेमके उलटे होईल, तिथे चढावर दिवा उशिरा लागतो, आणि ते जास्त धोक्याचे.

१ मार्च

रस्त्यावरची मोजणी. टाकीत वजन केलेले पेट्रोल घालायचे, ठरलेल्या वेगाने जाऊन यायचे, उरलेले उपसून पुन्हा वजन करायचे. अंतर मैलाच्या दगडांवरून, कारण ओडोमीटर दोन-तीन टक्के जास्त दाखवतो. सार्वजनिक रस्त्यावर टाकी कोरडी करायची नाही हा नियम. प्रत्येक वेळी तीन लिटर राखून परत.

तावडे हॉटेल ते किणी हा पट्टा सहापदरीकरणाच्या कामामुळे स्थिर वेगाला उपयोगाचा नाही, सेवारस्ते आणि वळणे फार. कागलच्या पुढे निपाणीकडे बरा सलग रस्ता मिळाला. पहाटे, वारा नसताना.

एसी बंद, दोन माणसे, चाकात हवा पूर्ण. ताशी ६० ला लिटरमागे २२ किलोमीटर. ८० ला १९.५. १०० ला १६. शहरात दसरा चौक, लक्ष्मीपुरी, स्टँड, कावळा नाका असे संध्याकाळी फिरवले तर ११.

६० आणि १०० मधला फरक वाऱ्याचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ६० ला या आकाराच्या गाडीला शंभर-एकशेदहा न्यूटन, १०० ला तीनशेच्या जवळ. टायरचा रोध दोन्हीकडे साधारण तेवढाच. दिवा लागल्यावर ‘लवकर पंप गाठू’ म्हणून पाय दाबणारा माणूस पंपाचे अंतर स्वतःच वाढवतो.

५.२ लिटरवर कागदी हिशेब: ६० ला ११४ किलोमीटर, ८० ला १०१, १०० ला ८३, शहरात ५७. कार्डावर हे आकडे जाणार नाहीत. का, ते घाटाच्या नोंदीत.

पेट्रोलबद्दल एक टीप. आता मिळते ते २० टक्के इथेनॉलचे. इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल, शुद्ध पेट्रोलमध्ये ३२. मिश्रण ३० च्या आसपास येते, म्हणजे लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. दहा वर्षांपूर्वी ‘रिझर्व्हला इतके जाते’ म्हणून पाठ केलेला आकडा त्याच गाडीत आता खरा उरत नाही.

८ मार्च

घाट. कोल्हापूर–केर्ली–वाघबीळ–पन्हाळा.

आधी ऊर्जेचा हिशेब. चार माणसांसह गाडी ११५० किलो धरली. १०० मीटर वर न्यायला १.१३ मेगाज्यूल लागतात. इंजिन चढावर पेट्रोलमधली साधारण पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते, म्हणजे साडेचार मेगाज्यूलचे पेट्रोल, म्हणजे दीडशे मिलिलिटर. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच. नुसत्या उंचीचे सहाशे मिलिलिटर, अंतराचे वेगळे. ७ टक्के चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये लिटरला आठ किलोमीटर पडतात.

पण गाडी थांबते ती ऊर्जा संपल्याने नाही, पेट्रोल पंपाच्या तोंडाच्या जाळीपासून दूर गेल्याने. ताटात रस्सा थोडा असला आणि ताट कलते केले की सगळा एका कडेला जातो, मधे ताट दिसते. तेच टाकीत.

आकड्यांत: टाकीचा तळ ७० सेंटिमीटर लांब आणि ५० रुंद धरला, तर तीन लिटर पेट्रोल सपाटीला जेमतेम नऊ मिलिमीटर खोल असते. ७ टक्के चढावर टाकीच्या दोन टोकांत ४.९ सेंटिमीटरचा फरक पडतो. नऊ मिलिमीटरचा थर त्यापुढे काहीच नाही. सगळे पेट्रोल मागे जाऊन पाचरीसारखे साठते आणि तळाच्या मागच्या ४१ सेंटिमीटरवरच राहते. पुढचे २९ सेंटिमीटर कोरडे. पंपाची जाळी मध्यावर, मागच्या भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर असेल तर तीन लिटरला ती अजून भिजलेली असते, २.१ लिटरला कोरडी पडायला लागते. चढ १० टक्के झाला, जसा तो आवळ वळणाच्या आतल्या कडेला होतो, तर हीच सीमा ३.१ लिटरवर येते.

सपाटीला न वापरता येणारे ०.९ लिटर आणि घाटात ३.१. दिव्याखालच्या सव्वापाच लिटरांपैकी घाटात खऱ्या अर्थाने हाती राहतात तीन, आणि तेही लिटरला आठ किलोमीटरच्या भावाने. म्हणजे २४. त्याच दिव्याखाली निपाणीच्या रस्त्याला शंभर किलोमीटर होते. एकच आकडा विचारणाऱ्याला म्हणून एकच उत्तर देता येत नाही.

प्रत्यक्षात तळ सपाट नसतो. जाळीखाली खोलगट जागा असते आणि पंपाभोवती प्लॅस्टिकचा कप असतो. दाबनियंत्रकातून परतणारे जादा पेट्रोल कपात पडते, बऱ्याच गाड्यांत एक छोटा जेट पंप बाहेरचे पेट्रोलही कपात ओढत राहतो. या गाडीच्या कपात उपयोगी असे तीनशे मिलिलिटर मावतात. चढावर ताशी ३० ने इंजिन मिनिटाला साठ-पासष्ट मिलिलिटर घेते. कप बाहेरून भरणे थांबले तरी पावणेपाच मिनिटे, म्हणजे सव्वादोन-अडीच किलोमीटर गाडीला काही कळत नाही. मग एखाद्या वळणावर एकदम झटके. चालक म्हणतो, ‘आत्तापर्यंत मस्त चालली होती.’ बरोबर आहे, कपावर चालली होती.

वळणात हेच आडवे होते. ०.३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट, इतक्या जोराने वळले की पेट्रोलला तो ३० टक्क्यांचा उतारच वाटतो. तेव्हा घाटात कमी पेट्रोलवर वळणे हळू घ्यायची, ही सूचना टायर जपण्यासाठी नाही.

उतार. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर पूर्ण बंद करतो, इंजिन चाकांवर फिरते, खर्च शून्य. ओबीडीवर इंजेक्टरचा वेळ शून्य दिसला. फेरे आयडलच्या जवळ आले की पुन्हा सुरू. न्यूट्रल केले तर इंजिन आयडलवर पेट्रोल खाते आणि इंजिनाचा ब्रेकही जातो. म्हणजे पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारा जास्त जाळतो. इंजिन बंद करून उतरणे हा निव्वळ आत्मघात: व्हॅक्यूम दोन-तीन पेडलमध्ये संपतो आणि ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होते, चावी काढली तर कुलूपबंद.

१५ मार्च

शेडच्या आवारात पेट्रोल गाडी मुद्दाम कोरडी केली, दाबाचा गेज लावून. चाके जागेवर, फेरे २५००.

लाइनचा दाब ३ बारला सुईसारखा स्थिर असतो. पहिली खूण त्यातली थरथर: सुई २.७ पर्यंत पडते आणि परत येते. चालकाला अजून काहीही जाणवत नाही. मग ओबीडीवर फ्यूएल ट्रिम (ईसीयूने केलेली इंधनाची दुरुस्ती) चढते, अधिक दहा टक्के, अधिक वीस. मिश्रण पातळ होत आहे आणि ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून भरून काढतो. त्यानंतर ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळणे, मग मिसफायर (सिलिंडरमधले मिश्रण न पेटणे), मग बंद. पहिल्या थरथरीपासून बंद पडेपर्यंत दोनशे मिलिलिटरही गेले नाहीत. सपाट रस्त्यावर चार किलोमीटर, त्यातही शेवटचा एक झटके खात.

साठलेले कोड: पी०१७१ (मिश्रण पातळ) आणि पी०३०० (मिसफायर). इंधन भरल्यावर हे दोन्ही दिसले तर इंजेक्टर किंवा कॉइल बदलायला धावू नये. कोड पुसून पन्नासेक किलोमीटर चालवून बघावे.

पंपाचा करंट क्लॅम्पने मोजला. हवा ओढायला लागताच तो उतरतो आणि मोटर वेगाने फिरते. तो चिरका आवाज मागच्या सीटवर बसलेल्याला आधी ऐकू येतो.

नुकसान कशाचे? दोन गोष्टींचे. एक पंप. एकदा कोरडा झाला म्हणून लगेच मरत नाही, पण सतत रिझर्व्हवर चालणाऱ्या गाडीत मोटरभोवती थंड करायला पेट्रोलच नसते आणि आयुष्य घटते. दुसरे, मिसफायरमधले न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली जाळी वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच. अशा वेळी सेल्फवर सेल्फ मारत राहू नये.

‘तळातला गाळ इंजिनात जातो’ हे सगळ्यांना सांगायला आवडते, पण जाळी भरल्या टाकीतही तळातूनच ओढते. गाळ असेल तर तो रोजच तिथे आहे. तळाच्या पाण्याबद्दलची काळजी मात्र खरी. इथेनॉल ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी सामावून घेते, त्यापुढे पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन खाली बसतो. थोड्या पेट्रोलमध्ये ही मर्यादा लवकर गाठली जाते. पावसाळ्याआधी टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे.

२९ मार्च

डिझेल. ही गाडी कोरडी करायची नाही. दिवा ७.२ लिटरला लागतो, एवढेच उतरवून-भरून मोजले आणि न वापरता येणारा भाग पेट्रोल गाडीपेक्षा मोठा धरला, दोन लिटर.

कारण उच्चदाब पंप. तो हजार बारच्या वर दाब तयार करतो आणि त्याचे वंगण डिझेल हेच. हवा गेली की धातूवर धातू घासतो, बारीक कीस इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग पंप, रेल, इंजेक्टर, टाकी असा सगळा खर्च. शिवाय कॉमन रेलमध्ये बरेच डिझेल गरम होऊन टाकीत परत येते. टाकीत थोडेच असेल तर तेच फिरून फिरून तापते आणि पातळ होते.

तरीही संपलीच तर: निदान पाच लिटर घालावे, एक-दोनने चढउतारावर जाळी बुडत नाही. फिल्टरजवळचा हातपंप किंवा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबावा. फिल्टरवर ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप करावा, मग घट्ट. टाकीत विजेचा पंप असेल तर इग्निशन चालू-बंद करून प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावे. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे मिनिटभर विश्रांती. सुरू झाली की फेरे न वाढवता दोन-तीन मिनिटे चालू द्यावी.

जुन्या जीप-ट्रॅक्टरवर हात बसलेला मिस्त्री इंजेक्टरचा नट सैल करून हवा काढतो. कॉमन रेलवर ते करू नये. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट काढायची वेळ येते.

सीएनजीवाल्यांसाठी दोन ओळी. गाडी गॅसवर चालते म्हणून पेट्रोलचा दिवा महिनोन्‌महिने लागलेला ठेवतात. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गॅसवर असतानाही पेट्रोल पंप फिरत राहतो, आणि कोरड्या टाकीत फिरत राहतो. पाव टाकी कायम असावी. पंप गेला तर सकाळी पेट्रोलवर सुरू होणारी गाडी गॅस भरलेला असूनही जागची हलणार नाही.

५ एप्रिल

‘किती अंतर जाईल’ हा स्क्रीनवरचा आकडा. गणित साधे: सेंडरने सांगितलेले लिटर गुणिले मागच्या काही अंतराची सरासरी. आकडा पुढचा सांगतो, पण बघतो मागे. निपाणीहून ८० ने आलेल्या गाडीला तो शंभर दाखवतो, मग कावळा नाक्यापासून राजारामपुरीपर्यंतच्या गर्दीत तो डोळ्यांदेखत उतरतो. घाट उतरून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो, पेट्रोल कुठूनही आलेले नसते. अनेक गाड्यांत ठरावीक मर्यादेखाली आकडा जाऊन नुसत्या रेघा येतात. रेघा म्हणजे शून्य नव्हे. तिथून पुढे उत्पादकाला हमी द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१२ एप्रिल

आज जोतिबाची चैत्र यात्रा. केर्लीकडे काही न्यायचे नाही, शेडमध्येच आयडलचा खर्च मोजला. एसी बंद ताशी ०.७ लिटर, एसी चालू १.१. यात्रेच्या कोंडीत तासभर एसी लावून उभे राहिले तर शहरातले बारा किलोमीटर उभ्या उभ्या गेले. रिझर्व्हच्या हिशेबात हे बहुतेकजण धरत नाहीत, आणि पुराच्या वेळी पंपासमोरच्या रांगेतही हेच होते. रांगेत इंजिन बंद, गाडी ढकलत पुढे.

२६ एप्रिल

कार्डाचा मजकूर ठरला. कागदी आकड्यांच्या निम्मेच लिहायचे. वजा करण्यासारखे बरेच आहे: वारा, चार माणसे, टायरमधली कमी हवा, एसी, आणि सेंडरची स्वतःची चूक.

पेट्रोल गाडी, दिवा लागल्यापासून: महामार्गाला ताशी ६० ने ५० किलोमीटर. शहरात २५. घाटाच्या चढाला १२, आणि दिवा लागलेला असताना घाटात शिरायचेच नाही. आंबा घाटाकडे जाताना मलकापुरात भरून घ्यायचे. करूळ किंवा फोंडा घाटाने कोकणात उतरायचे असेल तर कोल्हापूर सोडतानाच टाकी भरायची, परतीचा चढ त्यातच धरून.

कार्डाच्या मागे: वेग ५० ते ६०, वरचा गिअर, एसी बंद. ताशी ६० च्या आत काचा उघड्या चालतील. झटका जाणवला की डावीकडे घेऊन थांबायचे, वेग असतानाच. वेग संपल्यावर मधल्या लेनमध्ये अडकलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली धोकादायक जागी सोडलेली गाडी ठरते. हजार्ड दिवे लावून लाल त्रिकोण मागे पन्नास पावलांवर. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणू नये, पंपवाल्यानेही देऊ नये. घट्ट झाकणाचा पत्र्याचा कॅन न्यावा. आणि डिकीत भरलेला कॅन कायमचा ठेवू नये, मेच्या उन्हात बंद गाडीत वाफेचा दाब चढतो.

डिझेल गाडीच्या कार्डावर किलोमीटरच लिहिलेले नाहीत. ‘दिवा लागला, पुढचा पंप.’

१७ मे

दुपारच्या उन्हात पेट्रोल गाडीचा दाब पुन्हा पाहिला. टाकीत सुमारे तीन लिटर, अर्धा तास शहरात फिरवून आणलेली. तळाचे पेट्रोल ४६ अंश. पंपातून फिरून परतणारे थोडेच पेट्रोल पुन्हा पुन्हा तापते. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करताना सेल्फ लांबला, लाइनमध्ये वाफ. टाकी अर्धी भरल्यावर हे होत नाही. मे महिन्यापुरते शहराचे २५ खोडून २० केले.

१४ जून

पावसाळ्याची पट्टी कार्डावर वेगळ्या रंगात: पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याकडे सरकू लागली की काटा अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही. महामार्ग बंद झाल्यावर पंपाकडे जाणे म्हणजे उशीर.

डिझेल गाडीचा काटा पाव टाकीच्या खाली अधूनमधून उडी मारतो. सेंडर काढून मल्टिमीटरवर दांडी सावकाश फिरवली. खालच्या टोकाला रोध तुटक येतो, पट्टी तिथेच झिजली आहे. गाडी वर्षानुवर्षे पाव टाकीवर चालवली की फ्लोट त्याच जागी घासत राहतो. सेंडर बदलला. नव्याला दिवा ८ लिटरला लागतो, जुन्याला ७.२ होता. कार्डावरचा जुना आकडा खोडला, शेजारी तारीख घातली, आणि खाली ओळ वाढवली: सेंडर किंवा मीटर बदलला की वरचे आकडे रद्द, पुन्हा वजन करून भरणे.